विलीनीकरणाच्या आधी, मध्ये आणि नंतर: बँक कर्मचाऱ्यांचा ताण कधी आणि कसा मोजायचा?

मुक्ता_संशोधन

नमस्कार. औद्योगिक मानसशास्त्रात पीएचडी सुरू आहे. एक नागरी सहकारी बँक मोठ्या बँकेत विलीन होते आहे. त्या काळात कर्मचाऱ्यांवर येणारा ताण आणि बदलाशी त्यांचं समायोजन हा विषय आहे. छोट्या बँकेची परवानगी मिळाली आहे. ३८ शाखा, मुख्य कार्यालय धरून सुमारे ४२० माणसं, शिपायांपासून शाखाधिकाऱ्यांपर्यंत. विलीनीकरण जाहीर झालं आहे, प्रत्यक्ष तारीख पाच महिन्यांनी आहे. मोठ्या बँकेची परवानगी अजून नाही.

सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) सध्या असं आहे: विलीनीकरणानंतर तीन महिन्यांनी उदय पारीक यांची भूमिका-ताण मापनी (ओआरएस) एकदाच भरून घ्यायची, सोबत नोकरीतल्या समाधानाची प्रश्नावली, मग दोन्हींचा सहसंबंध, आणि लिंग-वय-हुद्द्यानुसार टी-चाचण्या. गाईडचा ओआरएसवर भर आहे, ती पूर्ण काढून टाकता येणार नाही.

एकदाच मोजून भागेल का? अनेकदा मोजायचं झालं तर नाव न घेता प्रश्नावल्या जुळवायच्या कशा? ४२० माणसं पुरतील का? आणि बँकेला शेवटी एक अहवाल द्यायचा आहे. तिथे योगशिबिर आणि 'ताणमुक्ती'च्या व्याख्यानापलीकडे पुराव्यानिशी काय सुचवता येईल?

मोजपट्टी

एकदाच, तेही नंतर मोजलंत, तर हाती आलेला आकडा कशाचा हे तुम्हालाच सांगता येणार नाही. ज्याला आज ताण आहे तो विलीनीकरणामुळे आहे, की ती शाखा आधीपासूनच माणसं कमी आणि गर्दी जास्त अशी होती? पहिली मोजणी तारखेच्या आधीच हवी, आणि तुमच्या बाबतीत ती येत्या दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवी.

कारण बदलाचा ताण बदलाच्या दिवशी सुरू होत नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल-२ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला, त्यात २० खात्यांतले १०,३०८ कर्मचारी होते. त्यातलं एक खातं पुढे खासगीकरणाच्या वाटेवर गेलं. जेन फेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये छापलेल्या निबंधात त्या खात्यातल्या लोकांची इतर खात्यांशी तुलना केली, तेव्हा खासगीकरण नुसतं येऊ घातलेलं असतानाच या लोकांनी स्वतःच सांगितलेली तब्येत घसरू लागल्याचं दिसलं. हे दिसू शकलं ते एकाच कारणाने: आधीची मोजणी हाताशी होती.

दुसरा अभ्यास श्वायगर आणि डेनिसी यांचा, १९९१ चा. विलीनीकरणाला सामोऱ्या जाणाऱ्या कंपनीचे दोन कारखाने. एकात नेहमीसारखं वरिष्ठांचं पत्र वाटलं आणि विषय संपवला. दुसऱ्यात नियमित माहितीपत्रक, प्रश्न विचारायला फोन, कारखाना व्यवस्थापकाच्या साप्ताहिक बैठका, आणि ज्यांच्या कामावर परिणाम होणार त्यांच्याशी वैयक्तिक बोलणं. मोजणी चार टप्प्यांवर. घोषणेनंतर अनिश्चितता आणि ताण दोन्हीकडे वाढला. पत्रावर भागवलेल्या कारखान्यात तो वाढतच गेला, दुसऱ्यात थांबला आणि हळूहळू खाली आला. शेवटच्या टप्प्यावर एकदाच मोजलं असतं तर 'दोन कारखान्यांत फरक आहे' एवढंच कळलं असतं. तो मुळातलाच, की माहितीमुळे पडलेला, हे नाही.

म्हणून तीन मोजण्या करा: आत्ता, बदल अंगावर आल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी. 'बदल अंगावर आल्यावर' मुद्दाम म्हटलं. कायदेशीर विलीनीकरणाची तारीख आणि संगणकप्रणाली बदलण्याची तारीख बहुधा वेगळी असते. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, पण त्यांच्या प्रणाली नंतर टप्प्याटप्प्याने जोडल्या गेल्या. काउंटरवरच्या माणसासाठी खरा बदल म्हणजे ज्या सोमवारी सकाळी लॉगिनचा पडदा वेगळा दिसतो तो. दुसरी मोजणी त्या तारखेवर बेता, राजपत्रातल्या तारखेवर नको. आणि कुठलीही मोजणी मार्च एंडला, दिवाळीच्या आठवड्यात किंवा वार्षिक ऑडिट चालू असताना ठेवू नका. त्या दिवसांत आकडे चढतातच.

खडूफळा

ओआरएसबद्दल. मापनी चांगली आहे, आपल्याकडच्या नोकरदारांवर भरपूर वापरलेली आहे. अडचण अशी की ती ताणाची *कारणं* मोजते, परिणाम नाही. ५० विधानं, दहा उपमापन्या, प्रत्येकीत पाच विधानं, ० ते ४ गुण. तिची एकूण २०० पैकी बेरीज 'ताण' म्हणून लिहायची आणि समाधानाशी सहसंबंध काढायचा, असे प्रबंध ढिगाने आहेत. त्या बेरजेत घर आणि नोकरी यांची ओढाताणही येते आणि साधनांची कमतरताही. विलीनीकरणात यातल्या काही वर जातील, काही जागच्या हलणारही नाहीत. बेरजेत सगळं सपाट होतं.

गाईडचा मान राखायला ओआरएसमधल्या चारच उपमापन्या ठेवा: भूमिकेची संदिग्धता, भूमिकेचा भार, भूमिकेचा ऱ्हास आणि साधनांचा अपुरेपणा. प्रत्येकीचे गुण ० ते २० असे वेगळे धरता येतात, त्यामुळे पद्धतीत खोट येत नाही. त्यातल्या 'ऱ्हासा'कडे विशेष लक्ष ठेवा. शाखाधिकाऱ्याचे कर्जमंजुरीचे अधिकार विभागीय कार्यालयात गेले की त्याचं काम कमी होतं, भार उतरतो, आणि ताण तरीही वाढतो. नुसता भार मोजणाऱ्याच्या हे हाती लागत नाही.

परिणामासाठी जीएचक्यू-१२ घ्या, म्हणजे मानसिक अस्वास्थ्य मोजणारी बारा प्रश्नांची चाचणी. परवाना लागतो, आजच अर्ज करा. प्रतिगमनासाठी (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्यासाठी) ०-१-२-३ असे गुण द्या. ०-०-१-१ ही पद्धत किती जण धोक्याच्या रेषेपलीकडे आहेत हे बघायला. या चाचणीचा एक कच्चा दुवा ठाऊक असू द्या. ती 'नेहमीच्या मानाने' कसं वाटतं ते विचारते. सहा महिने वाईट झोप लागणाऱ्या माणसाला तेच 'नेहमीचं' वाटायला लागतं, तो 'नेहमीइतकंच'वर खूण करतो आणि तिसऱ्या मोजणीत सगळे सावरल्यासारखे दिसतात. म्हणून जोडीला कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावलीतली कामासंबंधीची सात विधानं घाला. ती तुलना मागत नाही, किती वेळा आणि किती प्रमाणात थकवा येतो ते थेट विचारते.

या दोन टोकांच्या मधला भाग सिनॉप्सिसमध्ये नाहीच, आणि समायोजनाचं संशोधन तिथेच उभं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या डेबोरा टेरी, व्हिक्टर कॅलन, नेरिना जिमिसन यांनी लाझारस-फोकमन यांची ताणाबद्दलची १९८४ ची मांडणी संस्थांतल्या बदलांवर लावली. साखळी अशी: बदल कसा राबवला गेला (माहिती, सल्लामसलत, नेतृत्व), त्यावरून माणसाने त्याचं मूल्यमापन कसं केलं (हे किती जड आहे, माझ्या हातात किती आहे, मला जमेल का), मग तो कसा सामोरा गेला, आणि शेवटी समायोजन. माहितीचा उपयोग बराचसा 'नवीन पद्धत मला जमेल' या विश्वासामार्फत होतो, असं जिमिसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या निबंधात आहे. तेव्हा मूल्यमापनाची चार आणि या विश्वासाची पाच विधानं हवीतच. वरिष्ठांचा व सहकाऱ्यांचा आधार (९ विधानं) आणि बदलाची हाताळणी (३) यांसाठी ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाची ३५ विधानांची प्रश्नावली बघा, तिच्यातले हे विभाग सुटे वापरता येतात.

सगळं मिळून साठ विधानं, पंधरा मिनिटं. याहून लांबवलंत तर शेवटच्या पानावर एका सरळ रेषेत '२' दिसतील.

मराठी भाषांतर आणि त्याचं पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर करून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. आठ-दहा कर्मचाऱ्यांसमोर एकेक विधान वाचून 'यातून तुम्हाला काय कळलं?' असं विचारा, त्यात दोन शिपाई आणि दोन कॅशियर असावेत. नकारार्थी विधान आणि उत्तरात 'कधीच नाही' अशी जोडी आली की निम्मे लोक उलट खूण करतात, आणि ते नंतर आल्फा (विधानांचा आपसातला मेळ दाखवणारा आकडा) कोसळल्यावरच कळतं.

बंद_पाकीट

जुळवणीसाठी स्वतः तयार करायचा सांकेतांक. नियम दोन: उत्तर वर्षभरात बदलू नये, आणि ते बँकेच्या दप्तरात नसावं. जन्मतारीख, मोबाईलचे शेवटचे आकडे, पॅन हे सगळं सेवापुस्तकात असतं, त्यामुळे लोकांचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नयेच. त्याऐवजी असं विचारा: आजोळच्या गावाचं पहिलं अक्षर, पहिली ते चौथीच्या शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर, तुमच्याहून थोरली भावंडं किती, आईच्या नावाचं शेवटचं अक्षर. आडनाव नको, लग्नानंतर दोन आडनावं वापरणाऱ्या बायका एकदा एक लिहितात, एकदा दुसरं.

कुठे फसतं? 'प्रभावती विद्यालय' असेल तर कुणी 'प' लिहितं, कुणी 'प्र', कुणी इंग्रजी अक्षर. प्रश्नावलीवर सूचना छापा: मराठीत, जोडाक्षर असल्यास त्यातलं पहिलं व्यंजन. जुळवताना चारपैकी तीन जुळले आणि शाखा, हुद्दा, लिंग तेच असेल तर जोडी धरा; या जोड्या किती ते प्रबंधात लिहा.

सांकेतांकापेक्षा मोठा धोका पहिल्या पानावरच्या माहितीत असतो. सहा माणसांच्या शाखेत 'स्त्री, अधिकारी, ४५ ते ५०' म्हणजे नाव लिहिल्यासारखंच. वयाचे तीनच गट करा. शाखेचं नाव लागणारच असेल तर तुम्ही दिलेला क्रमांक छापा आणि त्याची यादी बँकेकडे देऊ नका. अहवालात दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा देणार नाही, हे परवानगीपत्रातच लिहून घ्या, नंतर व्यवस्थापन 'फक्त त्या एका शाखेचं सांगा' म्हणतं. प्रश्नावल्या शाखाधिकाऱ्यामार्फत गोळा करू नका. प्रत्येकाला डिंकाचं पाकीट द्या आणि ती स्वतः जाऊन घ्या. ऑनलाइन फॉर्म ठेवलात तर ईमेल नोंदवण्याचा पर्याय बंद करा.

आणि जीएचक्यू वापरताय तर शेवटच्या पानावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा. नैतिक समिती विचारेलच, पण तिने विचारलं नाही तरी छापा.

विदागार

४२० पुरतील का, हे तुम्ही काय विचारणार त्यावर आहे. हिशोब मांडते.

पहिल्या वेळी ७५ टक्के लोकांनी भरलं तर ३१५. दर वेळी तेवढेच टिकले तर दुसऱ्यांदा २३६, तिसऱ्यांदा १७७. साधा ०.२० चा सहसंबंध ८० टक्के सामर्थ्याने (म्हणजे तो खरंच असला तर दहापैकी आठ वेळा) पकडायला १९४ लागतात, ०.३० ला ८५. म्हणजे मुख्य परिणामांपुरतं तुम्ही काठावर आहात. पण 'आधार असेल तर ताणाचा परिणाम सौम्य होतो' अशा आंतरक्रियेला, जिचा वाटा प्रत्यक्ष संशोधनात १ ते ३ टक्क्यांच्या आसपास निघतो, सुमारे ३९५ लागतात. तीही माणसं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. तुमची ३८ शाखांत बसलेली आहेत, शाखेमागे आठेक. एकाच शाखेतल्या लोकांच्या उत्तरांतलं साम्य ०.१० धरलं तरी ३१५ माणसांचं वजन १८२ इतकंच राहतं. त्यामुळे आंतरक्रियेची गृहीतकं एकापेक्षा जास्त ठेवू नका. एकही नसेल तर उत्तम.

मुख्य विश्लेषण: तिसऱ्या वेळचं समायोजन परतंत्र चल (ज्याचं कारण शोधायचं ते), पहिल्या वेळचं समायोजन नियंत्रणात, आणि पहिल्या वा दुसऱ्या वेळची माहिती, विश्वास, आधार ही स्वतंत्र चलं. बहुस्तरीय प्रतिरूप, शाखा हा वरचा स्तर. मध्यस्थी (एका गोष्टीचा परिणाम दुसरीमार्फत होतो हे) दाखवायची तर चलं वेगवेगळ्या वेळची घ्या आणि बूटस्ट्रॅप (त्याच माहितीतून पुन्हापुन्हा नमुने काढून तपासणं) वापरा. एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावलीतून 'माहितीमुळे विश्वास, विश्वासामुळे समाधान' असं सिद्ध होत नाही. उलटा क्रमही तितकाच बसतो. हार्मनची एकघटक चाचणी टाकून सामाईक पद्धतीचा दोष (सगळं एकाच प्रश्नावलीतून आल्याने फुगलेला संबंध) नाही असं जाहीर करणं सोडून द्या, परीक्षक आता ते मान्य करत नाहीत. वेळ वेगळी ठेवणं हाच खरा उपाय. जे मधेच गळले त्यांचे पहिल्या वेळचे गुण टिकलेल्यांशी ताडून बघा. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेलेले सर्वांत जास्त ताणात असतील तर तिसऱ्या मोजणीतली सुधारणा निव्वळ गळतीची आहे.

लिंग-वय-हुद्द्याच्या टी-चाचण्या वर्णनाच्या तक्त्यात राहू द्या, निष्कर्षात आणू नका.

रजांच्या नोंदी मिळाल्या तर सोडू नका, पण जपून. फिनलंडमधल्या रायसिओ गावच्या पालिकेचा अभ्यास, वाहतेरा, किविमाकी, पेन्टी, लॅन्सेट १९९७: जिथे मोठी नोकरकपात झाली तिथे उरलेल्यांच्या वैद्यकीय दाखल्याच्या रजा किरकोळ कपातीच्या मानाने २.३ पट. बँकेतल्या किरकोळ रजा मात्र धरू नका. जुनी शिल्लक पुढे धरतील की नाही याची शंका असली की लोक आधीच रजा संपवतात, तो आजार नव्हे. आणि नोकरीचीच भीती असेल तर आजारी माणूसही कामावर येतो.

हातोटी

अहवालाबद्दल. प्रशान्त बोर्दिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अनिश्चिततेचे तीन थर वेगळे केले: संस्थेचं पुढे काय, रचना कशी बदलणार, आणि माझ्या कामाचं काय. व्यवस्थापनाची पत्रकं बहुतेक वेळा पहिल्याच थरावर बोलतात, 'बळकट भांडवल, विस्तारित सेवा'. क्लार्कला जाणून घ्यायचं असतं ते तिसऱ्या थरातलं: बेसिक कुठे बसणार, सेवाज्येष्ठता कुठल्या तारखेपासून, बदली जिल्ह्याबाहेर का, पदनाम काय.

बँकेला एक साधा तक्ता सुचवा. तीन रकाने: ठरलेलं, न ठरलेलं पण अमुक तारखेला ठरणारं, आणि आपल्या हातात नसलेलं, कुणाच्या हातात आहे त्याच्या नावासकट. दर शुक्रवारी तोच तक्ता नवा होऊन प्रत्येक शाखेत लागतो, काही बदललं नसलं तरी. दुसऱ्या रकान्यातली तारीख टळली तर त्याच दिवशी नवी तारीख द्यायची. तक्ता दोन आठवडे लागला आणि मग बंद झाला तर न लावण्यापेक्षा वाईट. त्या शांततेचा अर्थ शाखेत लगेच लावला जातो.

सहभागाचा पुरावा जुना आणि भक्कम आहे, पण त्याची अट नीट वाचायला हवी. कॉख आणि फ्रेंच, १९४८, व्हर्जिनियातला पायजम्यांचा कारखाना. कामाची पद्धत बदलली. ज्या गटाला फक्त सांगितलं गेलं तो तासाला ५० नगांच्या आसपास अडकला (प्रमाण ६० होतं), आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या प्रत्येकाने नव्या पद्धतीच्या आखणीत भाग घेतला ते लवकर सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. पुढे फ्रेंच, इस्रायल आणि ओस यांनी १९६० मध्ये नॉर्वेतल्या कारखान्यात हाच प्रयोग केला, तिथे उत्पादनात फरक पडला नाही. तिथे सहभाग दिला होता तो उत्पादनाशी फारसा संबंध नसलेल्या बाबतीत. तेव्हा विलीनीकरण करायचं की नाही यावर कर्मचाऱ्यांचं 'मत' मागवू नका, ते ठरलेलं आहे. विचारायचं असेल तर हे विचारा: पिग्मी एजंटांचा भरणा कुठल्या वेळेला घ्यायचा, सोनेतारणाचे जुने कागद कुठल्या क्रमाने तपासायचे, पहिल्या आठवड्यात कुठला काउंटर दोन माणसांचा ठेवायचा.

'जमेल' हा विश्वास वर्गात बसून येत नाही. नव्या प्रणालीच्या सराव-सर्व्हरवर आपल्या शाखेचे रोजचे व्यवहार स्वतः करून बघावे लागतात: ठेव नूतनीकरण, टीडीएस, क्लिअरिंगचा परतलेला चेक, आणि डे-एंड (दिवसअखेरचा हिशोब बंद करणं). डे-एंड विशेषतः, कारण तिथे अडकलं की सगळी शाखा रात्रीपर्यंत थांबते. सराव बदलाच्या दोन-तीन आठवडे आधी. दोन महिने आधी दिला तर विसरतात, दोन दिवस आधी दिला तर घाबरतात. मोठ्या बँकेतला एक अनुभवी माणूस पहिले दहा-पंधरा दिवस शाखेत बसवा आणि त्याच्याकडे दुसरं काम देऊ नका.

योगशिबिराबद्दल: विल्यम फ्लेमिंग यांच्या २०२४ च्या निबंधात ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी होते. ध्यान, लवचिकतेचं प्रशिक्षण, ॲप असे वैयक्तिक कार्यक्रम घेतलेले आणि न घेतलेले यांच्या स्वास्थ्यात जवळपास फरक नव्हता.

मोजपट्टी

हातोटी, फ्लेमिंगचा अभ्यास एकाच वेळच्या मोजणीचा आहे. जे मुळात त्रासात होते तेच कार्यक्रमाला गेले असतील ही शक्यता उरते, आणि मुक्ताताईंना आपण हेच करू नका म्हणतोय. रिचर्डसन आणि रॉथस्टीन यांच्या २००८ च्या महाविश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या अभ्यासात) ३६ प्रयोग आहेत, त्यात बोधात्मक-वर्तन पद्धतीच्या प्रशिक्षणाचा परिणाम सर्वांत मोठा निघाला. शिबिर निरुपयोगी म्हणू नका. बेसिक आणि बदलीचं उत्तर न देता शिबिर घेतलं तर लोक ते टाळाटाळ समजतील, हे मात्र लिहा.

मुक्ता_संशोधन

खूप आभार, सिनॉप्सिस बदलायला घेते. दोन गोष्टी उरतात. घोषणा होऊन गेली आहे, मग 'आधीची' मोजणी खरी आधीची कशी? आणि मोठ्या बँकेची परवानगी नाहीच मिळाली तर?

खडूफळा

पहिल्या मोजणीला 'पायाभूत' म्हणू नका, 'घोषणेनंतरची, अंमलबजावणीपूर्वीची' म्हणा. घोषणेपूर्वीचं काही हवं तर दप्तरातून घ्या: मागच्या दोन वर्षांच्या वैद्यकीय रजा, राजीनामे, बदलीचे अर्ज, शाखानिहाय आणि महिनानिहाय. आठवणीवर विसंबून 'सहा महिन्यांपूर्वी कसं वाटत होतं' असं विचारू नका. आजच्या मनःस्थितीत माणूस मागचं सगळं बरं होतं असंच लिहितो.

मोठी बँक नसेल तर दोन गटांची तुलना होणार नाही, ते मर्यादांमध्ये लिहावं लागेल. टेरी, केरी आणि कॅलन यांनी २००१ मध्ये दोन विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात बघितलं की कमी प्रतिष्ठेच्या कंपनीतले लोक जास्त नाराज होते, आणि 'आपल्यालाही वर जायची वाट मोकळी आहे' असं वाटलं तर त्यांचं समायोजन सुधारत होतं. प्रतिष्ठित कंपनीतल्यांच्या बाबतीत ती मोकळीक उलट खुपत होती. तुमचे ४२० जण पहिल्या बाजूचे आहेत. म्हणून तिन्ही मोजण्यांत दोन जादा विधानं घाला: नव्या बँकेत आपल्या जुन्या बँकेच्या लोकांना बढतीची संधी सारखीच आहे का, आणि आपल्या बँकेची प्रतिष्ठा त्यांच्या मानाने किती. दुसऱ्या मोजणीपर्यंत परवानगी आली तर त्यांच्याकडूनही त्याच दोन विधानांपासून सुरुवात करा.